घरचा केर आणि ओस्तान्किनोचा स्टुडिओ

२ जानेवारी १९९२ ही तारीख रशियातल्या जुन्या पिढीच्या चांगली लक्षात आहे. त्या दिवशी येल्त्सिन सरकारनं बाजारातल्या बहुतेक वस्तूंच्या किमतींवरचं सरकारी नियंत्रण उठवलं. वर्ष संपेपर्यंत भाव सुमारे सव्वीस पटींनी चढले. आयुष्यभर बचत बँकेत टाकलेल्या पैशात चार सॉसेजही येईनात. नेमक्या त्याच दिवशी रशियन दूरदर्शनवर एक अमेरिकन मालिका सुरू झाली, ‘सांता बार्बरा’. कॅलिफोर्नियातलं एक कोट्यधीश घराणं, त्यांची भांडणं, हरवलेली मुलं, परत आलेले मेलेले नवरे. रशियन वाहिनीनं ती २१७व्या भागापासून दाखवायला घेतली, म्हणजे आधी काय घडलं याचा प्रेक्षकाला पत्ता नाही. कुणाचं काही अडलं नाही. मालिका दहा वर्षं, २००२पर्यंत चालली. आजही एखाद्या घरात कोण कुणाचा आणि कोण कुणाशी बोलत नाही याचा उलगडा होईनासा झाला, की रशियन माणूस म्हणतो, ‘ही तर नुसती सांता बार्बरा!’

पगार वेळेवर नाही, उद्या कारखाना असेल की नाही ठाऊक नाही, आणि संध्याकाळी सगळं घर कॅलिफोर्नियातल्या श्रीमंतांची दुःखं बघत बसलंय. यात हसण्यासारखं आहे, पण त्याहून जास्त समजून घेण्यासारखं आहे. गेल्या तीसेक वर्षांत रशियन समाजानं आपलं घर, आपलं लग्न, आपली भांडणं दूरदर्शनच्या पडद्यावर ज्या तऱ्हेनं मांडली, त्याची सुरुवात इथे आहे.

आधी थोडं मागे जाऊ. रशियन भाषेत एक म्हण आहे : झोपडीतला केर बाहेर नेऊ नये. अर्थ उघड आहे, घरचं उणंदुणं चव्हाट्यावर आणू नये. जुन्या काळी ही म्हण नुसती अलंकारिक नव्हती. केर बाहेर टाकला तर वाईट चिंतणारा त्यावर करणी करील, अशी समजूत होती. म्हणून केर झाडून चुलीपाशी लोटायचा आणि जाळायचा. सोव्हिएत काळात चुली गेल्या, इमारती आल्या, पण म्हण राहिली. दूरदर्शनवर तर खासगी आयुष्य जवळजवळ नव्हतंच. युद्धपट होते, गुप्तहेरांच्या मालिका होत्या, मैफली होत्या. नवरा-बायकोचं बिनसलेलं दिसायचं ते सिनेमात, आणि तेही शेवटी जुळायचं.

१९८६ साली लेनिनग्राड आणि बोस्टन या शहरांतल्या बायकांचा उपग्रहावरून संवाद घडवून आणला होता. तिकडून फिल डोनाह्यू, इकडून व्लादिमिर पोझ्नर. एका अमेरिकन बाईनं जाहिरातींबद्दल विचारलं, तुमच्याकडे टीव्हीवर सगळं लैंगिकतेभोवतीच फिरतं का? एक रशियन बाई सरळपणे म्हणाली, आमच्याकडे सेक्स नाही आणि आमचा त्याला सक्त विरोध आहे. एकच हशा उसळला. शेजारची बाई घाईघाईनं दुरुस्ती करत होती, सेक्स आहे, जाहिराती नाहीत! पण ते त्या हशात बुडून गेलं आणि पहिलं वाक्य अजरामर झालं.

तरीही सोव्हिएत माणसाचं घरगुती भांडण अगदी घरातच राहायचं असं समजू नका. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नवरा पितो, बाहेर लफडं करतो, पगार घरी आणत नाही, तर बायको काय करायची? तो जिथे कामाला असे त्या ठिकाणच्या पक्षसमितीकडे नाहीतर कामगार संघटनेच्या समितीकडे अर्ज करायची. मग त्याचं ‘वैयक्तिक प्रकरण’ सभेपुढे यायचं. सहकारी बसलेत, हा उभा राहून खुलासा देतोय, लोक प्रश्न विचारताहेत, कुणी समजावतंय, कुणी झापतंय. ठपका बसला तर घराच्या प्रतीक्षायादीतला नंबर मागे जायचा, परदेशी जाण्याची परवानगी अडायची. याशिवाय कारखान्यांत आणि इमारतींत ‘सहकाऱ्यांची न्यायालयं’ असत, तीही अशीच. शेजाऱ्यांची कुरबूर, दारूबाजी, स्वयंपाकघरातली भांडणं त्यांच्यापुढे जात. आपल्याकडच्या जातपंचायतीची आठवण यावी, असा हा सगळा मामला.

१९९१मध्ये सोव्हिएत संघ गेला. पक्षसमित्या गेल्या. कारखाने बंद पडू लागले, तिथली सभागृहं ओस पडली. भांडणं मात्र होती तशीच होती, उलट वाढली. आता ती न्यायची कुठे? याचं उत्तर काही वर्षांनी सापडलं : मॉस्कोच्या ओस्तान्किनो भागातल्या दूरदर्शन केंद्राच्या स्टुडिओत.

पण मधला टप्पा परदेशी मालिकांचा. ‘सांता बार्बरा’च्याही आधी, १९८८ साली, ब्राझीलची ‘इसौरा’ येऊन गेली होती, गुलाम मुलीची कहाणी. तिच्यातला ‘फाझेंदा’ हा शब्द, म्हणजे जमीनदाराचा मळा, रशियनांनी लगेच उचलला आणि आपल्या शहराबाहेरच्या बटाटे-काकड्या पिकवायच्या सहा-सात गुंठ्यांच्या तुकड्याला थट्टेनं तेच नाव दिलं. मग मेक्सिकोची ‘श्रीमंतही रडतात’ आली. तिची नायिका व्हेरोनिका कास्त्रो १९९२ साली मॉस्कोत आली, तेव्हा तिचं स्वागत एखाद्या राष्ट्रप्रमुखासारखं झालं. या मालिका रशियात बनायला तेव्हा पैसाही नव्हता आणि सवयही नव्हती. पण प्रेक्षक तयार झाला. रोज ठरल्या वेळी तीच माणसं घरी येतात, त्यांचं सुखदुःख कळतं, दुसऱ्या दिवशी रांगेत उभं असताना त्यावर बोलता येतं. ज्या समाजात बाकी सगळं रोज बदलत होतं तिथे ही नियमितता लहान गोष्ट नव्हती.

हळूहळू देशी मालिका येऊ लागल्या. २००३मध्ये ‘बिचारी नास्त्या’ आली, एकोणिसाव्या शतकातली सरदारघराण्यातली प्रेमकथा, १२७ भागांची, आणि ती परदेशांतही विकली गेली. मग २००५च्या सप्टेंबरमध्ये ‘सुंदर नाही जन्मलीस तरी चालेल’ अशा अर्थाच्या नावाची मालिका सुरू झाली. नावामागे रशियन म्हण आहे : सुंदर जन्मू नकोस, नशीबवान जन्म. चष्मा, दातांना तारा, जुनाट कपडे, आणि डोकं मात्र तल्लख अशी कात्या पुश्कार्योवा फॅशनच्या कंपनीत सेक्रेटरी म्हणून लागते. गोष्ट ओळखीची वाटली ना? वाटणारच. कोलंबियातल्या ‘बेट्टी’ या मूळ मालिकेवरून सोनीवर आपण २००३ ते २००६ ‘जस्सी जैसी कोई नहीं’ पाहिली. ती जस्सी आणि ही कात्या सख्ख्या बहिणी. मोना सिंग इकडे जितकी घरोघरी पोचली तितकीच तिकडे नेल्ली उवारोवा.

पण बहिणी असल्या तरी दोघींची माहेरं वेगळी आहेत. कात्याचे वडील निवृत्त लष्करी अधिकारी. घरात शिस्त, खर्चाला काटकसर, सचोटी म्हणजे सचोटी. मुलगी जिथे काम करते तिथे मात्र सगळा नवा पैसा, उंची गाड्या, उसनी श्रीमंती आणि ताळेबंदात फिरवाफिरव. मालकावरच्या प्रेमापोटी कात्या खोटा अहवाल तयार करते. सोव्हिएत संस्कारात वाढलेली हुशार मुलगी नव्या बाजारात किती वाकेल, हा प्रश्न तिथल्या प्रेक्षकांच्या घराघरांतला होता. आईबापांच्या पदव्या, पदकं, पेन्शन यांची किंमत एका रात्रीत उतरलेली, आणि मुलं ‘ऑफिस’ नावाच्या कुठल्याशा जागी कमावताहेत. दोनशे भाग लोकांनी उगाच पाहिले नाहीत.

रशियन कौटुंबिक मालिकेत पुरुष फारसा भरवशाचा नसतो. एक तर तो पितो, नाहीतर सोडून गेलेला असतो, नाहीतर अचानक श्रीमंत होऊन बिघडलेला असतो. लेखकांचा हा दुष्टावा नाही, आकडे तसे आहेत. १९९४ साली रशियन पुरुषाचं सरासरी आयुर्मान ५८ वर्षांच्याही खाली गेलं होतं, बाईचं ७१ होतं. म्हणजे तेरा वर्षांहून अधिक अंतर. २००२ साली तिथे दहा लाखांच्या वर लग्नं लागली आणि साडेआठ लाखांच्या वर घटस्फोट झाले. मुलं वाढवली ती आयांनी आणि आज्यांनी. तेव्हा शनिवारी-रविवारी ‘रशिया’ वाहिनीवर दाखवतात त्या चार भागांच्या मेलोड्रामात एकच साचा पुन्हा पुन्हा दिसतो यात नवल नाही. लहान गावातली परिचारिका किंवा शिक्षिका, फसवणूक, पदरी मूल, मोठं शहर, कष्ट, आणि शेवटच्या भागात एक सज्जन पुरुष, बहुधा विधुर. या साच्याची आई म्हणजे व्लादिमिर मेन्शोव यांचा ‘मॉस्कोचा अश्रूंवर विश्वास नाही’ हा सिनेमा. १९८१ साली त्याला परदेशी चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. कारखान्यातली कामगार मुलगी, फसवली गेलेली, एकटीनं लेक वाढवून कारखान्याची संचालक होते. ती भूमिका वेरा अलेन्तोवा यांनी केली, त्या मेन्शोव यांच्या पत्नी. गंमत अशी की या दोघांची मुलगी यूलिया मेन्शोवा हिनं १९९५ साली बायकांच्या प्रश्नांवरचा गाजलेला टॉक शो सुरू केला. नाव होतं, ‘मी स्वतः’. एक बाई येऊन आपली हकिकत सांगायची, आणि दोन जाणत्या बायका, एक स्त्रीवादी, एक परंपरेची बाजू घेणारी, तिच्यावर वाद घालायच्या. पुढे जे काही आलं त्या मानानं तो फारच सभ्य कार्यक्रम म्हणायचा.

इथे नात्यांच्या शब्दांविषयी जरा बोलतो, कारण मराठी माणसाला या मालिका इंग्रज माणसापेक्षा चटकन कळतील असं माझं ठाम मत आहे. इंग्रजीत सासू एकच आणि दीर, मेहुणा, साडू सगळे एकाच शब्दात कोंबलेले. रशियनमध्ये नवऱ्याची आई वेगळी, बायकोची आई वेगळी. नवऱ्याची आई ‘स्व्येक्रोव्य’, म्हणजे आपल्या संस्कृतातली श्वश्रू. नवऱ्याचा भाऊ ‘द्येवेर’, म्हणजे देवर, आपला दीर. सून ‘स्नोखा’, म्हणजे स्नुषा. विधवा ‘व्दोवा’. हे शब्द एकाच जुन्या भाषाकुळातून दोन्हीकडे आलेले आहेत. पण एक मोठा फरक. आपल्या मालिका सासू-सुनेच्या भांडणावर जगतात, आणि ‘चार दिवस सासूचे’ तर वर्षानुवर्षं चालले. रशियन विनोदात आणि मालिकेत बदनाम आहे ती बायकोची आई, ‘त्योश्चा’. जावई आणि सासू यांचा तिथे उभा दावा. घरांची टंचाई, त्यामुळे लग्नानंतर पुष्कळांना कुणा ना कुणाच्या आईवडिलांच्याच दोन खोल्यांत राहावं लागे. मुलगी आईच्या आधारानं नोकरी आणि मूल सांभाळायची, आणि जावई त्या घरात पाहुण्यासारखा. आपल्याकडे घरजावयाला जी वागणूक तीच तिथेही.

आणि व्याही! या शब्दाला इंग्रजीत शब्द नाही, रशियनमध्ये आहे : ‘स्वात’, अनेकवचनी ‘स्वाती’. याच नावाची मालिका २००८मध्ये सुरू झाली. एक खेड्यातलं जोडपं, एक शहरातलं शिकलेलं जोडपं. मुलगा-सून परदेशी सुट्टीवर जातात आणि नातीला सांभाळायला दोन्हीकडचे आजी-आजोबा एकाच घरात येऊन पडतात. खेड्यातला आजोबा इवान बुद्को फ्योदर डोब्रोनरावोव यांनी असा रंगवला, की नववर्षाच्या सुट्टीत तो आपल्याच टेबलाशी बसलाय असं रशियनांना वाटे. मालिका रशियन भाषेत, रशियन आणि युक्रेनी कलाकारांची, पण बनवली होती युक्रेनमधल्या ‘क्वार्ताल ९५’ या संस्थेनं. ही संस्था व्लोदिमिर झेलेन्स्की आणि त्यांच्या मित्रांची. २०१७मध्ये युक्रेननं डोब्रोनरावोव यांना देशात यायला बंदी केली, २०१९मध्ये झेलेन्स्की युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि २०२२ साली युद्ध. दोन्ही देशांतली व्याही मंडळी एकाच जेवणावर हसत होती, ते असं संपलं.

आता टॉक शो. १९९६ साली वालेरी कोमिस्सारोव यांनी ‘माझं कुटुंब’ सुरू केलं. स्टुडिओत सोफा, स्वयंपाकघर, घरासारखी मांडणी. त्यांची खास युक्ती होती ‘कबुलीचा मुखवटा’. चेहरा लपवलेली व्यक्ती येऊन आपलं गुपित सांगायची. म्हणजे केर बाहेर आला, पण कुणाचा ते कळत नव्हतं. म्हण अर्धीच मोडली होती. लोकप्रियता इतकी की कोमिस्सारोव १९९९मध्ये संसदेवर निवडून गेले. मुखवटा फार दिवस टिकला नाही. २००१मध्ये पहिल्या वाहिनीवर आंद्रेई मालाखोव नावाचा तिशीही न गाठलेला तरुण आला. कार्यक्रमाचं नाव ‘मोठी धुलाई’. घरचे मळके कपडे आता उघडपणे धुवायचे. पुढच्याच वर्षी दिमित्री नागियेव यांचा ‘खिडक्या’ हा कार्यक्रम अमेरिकेतल्या जेरी स्प्रिंगरच्या वळणावर निघाला. त्यात स्टुडिओत हाणामारी व्हायची. हकिकती लिहिलेल्या आणि माणसं नट, हे पुढे सगळ्यांना कळलं, तरी लोक बघायचे. ‘खोट्या’ भांडणातही त्यांना आपलं काहीतरी सापडत होतं.

२००५मध्ये मालाखोव यांच्या कार्यक्रमाला नवं नाव मिळालं, ‘बोलू देत लोक’. संध्याकाळच्या बातम्यांच्या आगेमागे, आठवड्याचे चार-पाच दिवस. २०१७मध्ये ते दुसऱ्या सरकारी वाहिनीवर गेले, पण पहिल्या वाहिनीनं तो कार्यक्रम नव्या सूत्रधारासह चालूच ठेवला. त्याची बांधणी सांगतो. संपादकांची एक फळी गावोगावच्या बातम्या, पत्रं, तक्रारी चाळत असते. प्रकरण पक्कं झालं की माणसांना मॉस्कोचं तिकीट, हॉटेल. दोन्ही बाजूंना आणायचं, पण समोरासमोर आणायचं ते कॅमेऱ्यापुढेच. मधल्या सोफ्यावर तक्रारदार. बाजूला जाणकार : एक वकील, एक मानसशास्त्रज्ञ, एखादी नटी, एखादा खासदार. पायऱ्यांवर प्रेक्षक, त्यांतले पुष्कळसे रोजंदारीवर आणलेले. मग दार उघडतं आणि जिची वाट नव्हती ती व्यक्ती आत येते. सगळे एकदम बोलतात. डीएनए चाचणीचा लिफाफा फुटतो. या लिफाफ्याचं आकर्षण एवढं वाढलं की एनटीव्ही वाहिनीनं २०१७मध्ये ‘डीएनए’ याच नावाचा वेगळा कार्यक्रम काढला.

ही मांडणी परदेशातून आली, असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे. पण मघाचं ते ‘वैयक्तिक प्रकरण’ आठवा. उभा राहिलेला आरोपी, झापणारे सहकारी, समजावणारा चिटणीस, शेवटी ठपका. प्रेक्षकाला हे नवीन नव्हतं. म्हणून रशियन टीव्हीला न्यायालयाचं रूप इतकं आवडतं. खऱ्याखुऱ्या वकिलानं न्यायाधीश होऊन चालवलेले खटल्यांचे कार्यक्रम झाले. २००७पासून तर ‘फॅशनचा निवाडा’ नावाचा कार्यक्रम आहे. एका बाईच्या कपड्यांवर आरोप ठेवले जातात, नवरा किंवा बहीण फिर्यादी, कुणी बचावाचा वकील, आणि शेवटी तिला नवे कपडे. वरून गंमत, पण ती बाई उभी राहून बोलायला लागली की कपड्यांखालून वेगळंच बाहेर येतं : पंधरा वर्षांत नवऱ्यानं तिच्याकडे नीट पाहिलेलं नसतं.

लग्न जमवण्याचा कार्यक्रमही निघाला, ‘चल, लग्न करू या’, २००८मध्ये. तीन सूत्रधार बायका. मुख्य अभिनेत्री लारिसा गुझेयेवा, फटकळ. दुसरी व्यवसायानं लग्न जुळवणारी. तिसरी चक्क ज्योतिषी, ती राशी पाहून सांगायची जमेल की नाही. सत्तर वर्षं शास्त्रीय समाजवाद शिकवलेल्या देशात पत्रिका पाहिल्याशिवाय पुढे सरकेनात, हे पाहून आपल्या मावश्यांना धन्य वाटेल.

भांडणांचे विषय पाहिले तर पोटगी, दारू, मूल कुणाचं, आणि सगळ्यांत वरचढ घर. १९९१च्या कायद्यानं सरकारी फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तो फुकट आपल्या नावावर करून घेता आला. पण ज्यांची नोंद त्या पत्त्यावर, त्या सगळ्यांचा हिस्सा. आजी, मुलगा, घटस्फोटित सून, पहिल्या लग्नाचा नातू. आपल्याकडे सातबाऱ्यावरच्या नावांवरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, तिथे पस्तीस-चाळीस चौरस मीटरच्या दोन खोल्यांवरून. घटस्फोट होऊनही वर्षानुवर्षं एकाच फ्लॅटमध्ये, फ्रिजला वेगवेगळे कप्पे लावून राहिलेली जोडपी तिथे काही दुर्मीळ नाहीत.

इथवर सगळं ठीक. पण बंद खोलीत घडलेलं जे नुसतं भांडण नसतं, त्याचं काय? रशियनमध्ये एक दुष्ट म्हण आहे, मारतो म्हणजे प्रेम करतो. स्टुडिओत मार खाल्लेल्या बायका वर्षानुवर्षं येत राहिल्या. जमावानं नवऱ्याला शिव्या घातल्या, तिलाही दोन प्रश्न विचारले : तू सोडलं का नाहीस, तूच काही बोलली असशील. २०१७च्या सुरुवातीला ‘बोलू देत लोक’मध्ये अत्याचार झालेल्या एका अल्पवयीन मुलीचं प्रकरण एकामागून एक भागांत चालवलं. ती किती प्यायली होती हे विचारलं गेलं, आणि तिचं उत्तर आणि तिचा हातवारा देशभर टवाळीचा विषय झाला. जाहिरातींतसुद्धा त्याची नक्कल झाली. ज्या मुलीला न्याय मिळवून द्यायचा म्हणून बोलावलं, तिला रस्त्यावर फिरणं अवघड झालं.

त्याच दिवसांत, २७ जानेवारी २०१७ला, संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं ३८० विरुद्ध ३ मतांनी एक दुरुस्ती मंजूर केली. घरच्या माणसाला पहिल्यांदा मारहाण केली आणि गंभीर इजा झाली नाही, तर तो फौजदारी गुन्हा राहिला नाही. पाच ते तीस हजार रुबल दंड, किंवा दहा-पंधरा दिवसांची कोठडी, किंवा काही तास समाजसेवा. दंड पुष्कळदा घरच्याच पैशातून भरला जाणार, म्हणजे मार खाल्लेल्या बाईच्याही खिशातून. फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांची सही झाली. बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं होतं, राज्यानं कुटुंबात नाक खुपसू नये. रोज संध्याकाळी कुटुंबाचा कोपरा न् कोपरा जिथे सरकारी वाहिनीवर उघडा पडतो, त्याच देशात हा युक्तिवाद झाला. जुलै २०१९मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं घरगुती हिंसेच्या प्रकरणात पहिल्यांदाच रशियाला दोषी धरलं. त्या वर्षाअखेर वेगळ्या कायद्याचा मसुदा आला, त्यावर खडाजंगी झाली, आणि तो तिथेच राहिला. माझ्या मते टॉक शोनं लोकांना बोलायला शिकवलं, हे त्याचं श्रेय नाकारता येणार नाही. मार खाणं ही एकटीची लाज नाही, शेजारच्या जिल्ह्यातही तेच चाललंय, हे कळलं. पण निवाडा फक्त स्टुडिओतच झाला. बाहेर पोलीस चौकीत बाई पुन्हा एकटीच.

२०२२च्या फेब्रुवारीअखेर युद्ध सुरू झालं आणि पहिल्या वाहिनीनं यातले बरेचसे कार्यक्रम काही महिने गुंडाळून ठेवून त्या जागी राजकीय चर्चा लावल्या. पुढे ते एकेक करून परतले. कसदार कौटुंबिक कथा मात्र आता बहुतेक इंटरनेटवरच्या मंचांवर बनतात. २०२३च्या अखेरीस आलेली ‘पोराचा शब्द’ ही मालिका १९८०च्या दशकाच्या शेवटच्या कझान शहरातल्या किशोरवयीन टोळ्यांची, पण तिचा गाभा घरातला आहे. एका आईची फरची टोपी चोरीला जाते आणि तिथून एक साधं घर ढासळत जातं. रशियन हिवाळ्यात बाईची फरची टोपी म्हणजे काय, हे तिथल्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही.

या सगळ्या गदारोळात एक कार्यक्रम वेगळा आहे. १९९८मध्ये ‘तुला शोधतो आहे’ या नावानं तो सुरू झाला आणि लवकरच ‘माझी वाट पाहा’ झाला. हे नाव कॉन्स्तान्तिन सिमोनोव यांच्या १९४१च्या युद्धकाळातल्या कवितेवरून घेतलंय, जी आघाडीवरचे सैनिक पत्रात लिहून घरी पाठवत. काम एकच : हरवलेली माणसं शोधणं. युद्धात, तुरुंगात, सोव्हिएत संघाच्या पंधरा तुकड्यांत, कामाच्या शोधात, नाहीतर नुसत्या भांडणात दुरावलेली. लाखाहून अधिक माणसं या मार्गानं एकमेकांना सापडली. मॉस्कोच्या ‘सव्रेमेन्निक’ नाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक, अभिनेते ईगोर क्वाशा, २०१२मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्याचे सूत्रधार होते. आवाज चढवत नसत. समोरचा रडायला लागला की गप्प बसत. २०१७पासून तो एनटीव्हीवर गेला.

याचं मूळ मात्र आकाशवाणीवर आहे, आणि ते आपल्या या व्यासपीठावरून सांगायला मला आवडेल. अग्निया बार्तो या मुलांसाठी लिहिणाऱ्या कवयित्री. अनाथाश्रमातल्या मुलांवर त्यांनी एक दीर्घ कविता लिहिली होती. ती वाचून युद्धात मुलगी हरवलेल्या एका आईनं त्यांना पत्र लिहिलं, आणि पुढे ती मुलगी सापडली. मग पत्रांचा ओघ लागला. १९६५ ते १९७४ अशी जवळजवळ नऊ वर्षं बार्तो ‘मायाक’ रेडिओवर महिन्यातून एकदा ‘माणूस शोधताना’ हा कार्यक्रम करत. अडचण अशी, की हरवली तेव्हा ही मुलं तीन-चार वर्षांची. नाव, आडनाव, गाव काहीच ठाऊक नाही, अनाथाश्रमानं ठेवलेलं नाव लावत ती मोठी झाली. तेव्हा बार्तो त्यांना म्हणत, आठवत असेल ते लिहा, कितीही क्षुल्लक असो. आणि ते तुकडे त्या रेडिओवर वाचून दाखवत. घरच्या कुत्र्याचं नाव. जंगलात रास्पबेरी तोडायला गेलो, अस्वल दिसलं, पळताना माझा नवा बूट हरवला. कुठेतरी हजार मैलांवर चुलीपाशी बसलेल्या एखाद्या बाईला तो बूट आठवायचा. अशी ९२७ कुटुंबं एकत्र आली.

‘माझी वाट पाहा’च्या स्टुडिओत सोफा नाही, जाणकार नाहीत. पायऱ्यांवर माणसं असतात, पण ती रोजंदारीवरची नव्हेत. प्रत्येकाच्या हातात एक फोटो असतो. त्या दिवशी ज्याचं माणूस सापडतं तो खाली उतरतो, दार उघडतं, आणि बाकीचे आपापला फोटो कॅमेऱ्याला नीट दिसेल असा धरून उभे राहतात.